विद्यापीठांच्या लेखन-नियमांत आणि सरकारी माध्यमांत राजकीय कल असतो का?

असतो, पण खोटी बातमी देण्यापेक्षा तो शब्द निवडण्यात जास्त दिसतो. २०१३ला एपी या अमेरिकन वृत्तसंस्थेनं माणसाला 'बेकायदा स्थलांतरित' म्हणायचं बंद केलं, २०२२ला स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आयटीवाल्यांनी तर 'अमेरिकन' ऐवजी 'यूएस नागरिक' लिहा अशी यादीच काढली आणि टीका झाल्यावर मागं घेतली. बीबीसी 'दहशतवादी' हा शब्द स्वतः होऊन वापरत नाही, कोण म्हणालं ते सांगते, मला ही पद्धत पटते.

आमच्या सांगलीत ऊसदराचं आंदोलन झालं की कुणी 'शेतकरी रस्त्यावर' लिहितं कुणी 'वाहतूक वेठीस', घटना तीच.

दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९०चा, लागू व्हायला १९९७ उजाडलं, कागदावर स्वायत्तता आहे पण मोठा पैसा केंद्राकडनंच येतो मग टोचणारा प्रश्न विचारणार कोण? त्यात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, म्हणजे रेडिओवर दुसरी बाजू ऐकायची सोयच नाही, हे मला फार चुकीचं वाटतं.

माझा भाचा प्रबंध लिहितोय, त्याला एवढंच सांगितलं, गाईड सांगतील तो शब्द वापर पण का वापरलास ते तळटीपेत लिही.