त्सो मोरिरीला तंबू ठोकायचाय? मग आधी बेत उलटा करा

तुमचा बेत मला समजला तो असा: स्वतःच्या गाडीने मनालीहून निघायचं, पहिला मुक्काम सार्चूला. दुसऱ्या दिवशी मोरे मैदान ओलांडून देब्रिंगला उजवीकडे वळायचं, लडाखमधलं त्सो कार बघायचं (त्सो म्हणजे तळं) आणि संध्याकाळी त्सो मोरिरी या दुसऱ्या तळ्याच्या काठावर तंबू. लेह त्यानंतर. नकाशावर तळं लेहच्या आधी येतं, मग उगाच पुढे जाऊन मागे कशाला यायचं, हा तुमचा हिशेब. आणि विचारलंत काय, तर तंबू कुठला घ्यावा!

तंबूचं सांगतो, पण शेवटी. आधी हा बेत मोडा.

मनाली साधारण २,००० मीटरवर, सार्चू ४,३०० च्या आसपास, त्सो मोरिरी ४,५०० च्या वर. ३,००० मीटरनंतर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. तुम्ही पहिल्याच रात्री २,३०० मीटर वर जाऊन झोपणार आहात. पूर्वी रोहतांग चढण्यातच अर्धा दिवस जायचा, त्यामुळे माणसं आपोआप केलाँग-जिस्पाला थांबत. २०२० मध्ये अटल बोगदा झाला आणि दुपारच्या जेवणालाच जिस्पा येऊ लागलं. मग वाटतं, अजून उजेड आहे, चला सार्चूला. रस्ता चांगला झाला, आपलं रक्त मात्र आहे तेवढ्याच वेगाने सरावतं. गाडीतून दिवसा ५,००० मीटरची खिंड ओलांडणं बहुतेकांना निभतं. प्रश्न असतो तो रात्री झोपायचा.

म्हणून वर्तुळ उलटं फिरा. श्रीनगर (१,६०० मीटर), कारगिल (२,७००), मग लेह (३,५००). लेहमध्ये तीन रात्री. पहिला दिवस खरोखर लोळून काढा, दुसऱ्या दिवशी गावात चाला. त्यानंतर उपशीवरून सिंधूच्या काठाकाठाने चुमाथांग, तिथे ४,००० मीटरच्या आसपास एक रात्र. गरम पाण्याचे झरे आहेत, वेळ बरा जातो. मग माहेचा पूल, चौकीवर कागद दाखवायचे, सुमदो, नामशांग ला (ला म्हणजे खिंड) आणि वाटेतलं छोटं क्यागर त्सो करत दुपारच्या आत त्सो मोरिरीच्या काठचं कोरझोक गाव. मनालीकडूनच चढायचं असेल, तर जिस्पाला दोन रात्री काढा आणि तिसऱ्या दिवशी पहाटे निघून थेट लेह गाठा. दिवस अंग मोडणारा आहे, पण झोपायला तुम्ही खाली असता.

एवढा आग्रह का, तर त्या जागेचा एक डाव आहे आणि तो नकाशावर दिसत नाही. विरळ हवेचा त्रास वाढला की उपाय एकच, खाली उतरणं. त्सो मोरिरी मात्र चहूबाजूंनी डोंगर असलेल्या वाडग्यात आहे. त्यातून सध्या पाण्यालासुद्धा बाहेर वाट नाही, म्हणून तर ते मचूळ झालंय. तुम्हाला खाली जायचं तर आधी नामशांग ला चढावा लागतो, आणि चुमाथांगला पोहोचलात तरी जेमतेम पाचशे मीटर उतरलेले असता.

पहिल्या खेपेला आम्हीही घाई केली होती. लेहमध्ये एकच रात्र. कोरझोकला संध्याकाळी एका मित्राचं डोकं दुखायला लागलं. उन्हानं असेल म्हणून गोळी दिली. रात्री अकराला त्याला उलट्या सुरू झाल्या आणि तंबूबाहेर आला तेव्हा सरळ रेषेत चालता येईना. टाचेला अंगठा लावून दहा पावलं चालायला सांगितलं, तिसऱ्या पावलाला तोल गेला. हे लक्षण मेंदूला सूज येत असल्याचं असू शकतं, तिथे सकाळची वाट बघायची नसते. तंबू तिथेच टाकून निघालो. अंधारात, दगडधोंड्यांच्या रस्त्यावर चुमाथांगपर्यंत तीन तास लागले, आणि तिथेही न थांबता उपशी ओलांडून उजाडताना लेहच्या रुग्णालयात. तो वाचला. मी त्या रात्रीनंतर खिशात मावणाऱ्या ऑक्सिजनच्या डब्यांवरून कुणाशी वाद घालत नाही. ते डबे काही मिनिटांत संपतात, एवढंच सांगतो. बसल्या जागी धाप, थांबत नाही असा खोकला, झोकांडी, असंबद्ध बोलणं, यातलं काहीही दिसलं की गाडी सुरू करा. आणि त्या रात्री गाडी चालवू शकेल असा एकजण तरी ताजा असू द्या. अॅसिटाझोलामाइड या उंचीच्या त्रासावरच्या औषधाबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. सल्फाची अॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

आता काठावरचा तंबू. पाण्याला लागून तंबू ठोकता येत नाही. हे राखीव पाणथळ क्षेत्र आहे, २००२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत. कोरझोक गावाजवळ ठरवून दिलेल्या जागेतच मुक्काम करायचा, आणि खरं सांगायचं तर तिथून तळं जास्त चांगलं दिसतं. काठावरच्या दलदलीत काळ्या मानेचे क्रौंच आणि पट्टकादंब हंस घरटी करतात. हिरवळ दिसली म्हणून तिथे चाक घालणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. गाडी रुतते ते ठीकच, पण चाकोऱ्या वर्षानुवर्षं बुजत नाहीत. वाटेत कियांग, म्हणजे रानगाढवं, गाडीला समांतर धावतील. शर्यत लावू नका, त्या हवेत ती धावणं त्यांनाही महागात पडतं.

दुपारनंतर तिथे वारा उठतो आणि सूर्य कलला तरी लवकर पडत नाही. त्यामुळे तंबू बुटका हवा, बाहेरचं कापड जमिनीपर्यंत येणारं. खुंट्या भुसभुशीत वाळूत धरत नाहीत, दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा. जुलै-ऑगस्टमध्येही पहाटे पारा शून्याजवळ येऊ शकतो आणि थंडी वरून लागते त्याहून जास्त जमिनीतून लागते. पैसे कमी असतील तर तंबूत वाचवा, खालच्या मॅटमध्ये नको.

स्वयंपाकाचं गणित वेगळंच. त्या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. डाळ तासभर उकळली तरी दाताखाली कचकचते, छोटा कुकर न्याच. साधा ब्युटेन शून्याजवळ गॅस व्हायचं नाकारतो, तेव्हा आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचा डबा घ्या आणि रात्री तो पांघरुणात ठेवा. विमानाने कुणी येणार असेल तर त्याच्याकडे डबा देऊ नका, चालत नाही. तंबूत स्टोव्ह पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडने होणारी डोकेदुखी आणि उंचीची डोकेदुखी सारखीच वाटते, फरक कळेपर्यंत उशीर होतो. प्यायचं पाणी ओढ्याचं घ्या, तीन मिनिटं उकळू द्या.

गाडीबद्दल थोडक्यात: लेहजवळच्या कारूला टाकी पूर्ण भरा. तिथून तळं करून मनालीच्या बाजूला उतरलात तर केलाँगजवळच्या टांडीपर्यंत ५०० किलोमीटरहून जास्त अंतर होतं, मध्ये भरवशाचा पंप नाही असंच धरा. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन खिंडीत दम टाकेल, ते बिघडलेलं नसतं. परतीच्या वाटेवरचे नाले सकाळी ओलांडा, दुपारी वरचा बर्फ वितळून पाणी चढतं. भारतीयांना आता इनर लाइन परमिट, म्हणजे सीमेजवळच्या भागात जायचा परवाना, लागत नाही, पर्यावरण शुल्क मात्र भरावं लागतं. नियम बदलत असतात, निघायच्या आठवड्यात प्रशासनाच्या संकेतस्थळावर बघा आणि पावती कागदावर छापून न्या.

परतताना सुमदोहून गरम झऱ्यांच्या पुगाकडे वळा, पोलोकोंका ला ओलांडला की त्सो कार. तोवर शरीर सरावलेलं असेल, सार्चूला खुशाल झोपा. पुगाला गंधकाचा वास आला की थांबा, पण वाफ येणाऱ्या चिखलात पाय घालू नका. तिथलं पाणी ८४ अंशांपर्यंत तापलेलं असतं, म्हणजे आदल्या रात्री तुमच्या उघड्या पातेल्यात उकळत होतं जवळपास तेवढंच.