पाचव्या सिंफनीची ध्वनिमुद्रणं ताडून पाहताना

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

बेथोव्हनची पाचवी सिंफनी कोणाची ऐकावी, हा तुझा प्रश्न. आधी तीनच कंडक्टरांची मुद्रणं घे: फुर्टव्हेंगलर आणि बर्लिन फिलहार्मोनिक (१९४७), कार्लोस क्लायबर आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक (१९७४), आणि जॉन एलियट गार्डिनर यांचा बेथोव्हनच्या काळातल्या घडणीची वाद्यं वाजवणारा वाद्यवृंद (१९९४). नावाबरोबर तारीखही बघ. फुर्टव्हेंगलर यांच्या २५ आणि २७ मे १९४७ अशा दोन मैफिली मिळतात. कंडक्टर कारायान यांनी तर एकाच बर्लिन वाद्यवृंदाबरोबर साठ, सत्तर आणि ऐंशी या तिन्ही दशकांत ही सिंफनी मुद्रित केली.

ऐकायला बसण्याआधी तिन्हींचा आवाज सारखा करून घे. जरा मोठ्याने वाजणारं मुद्रण जास्त जिवंत वाटतं आणि त्याचं श्रेय उगाच कंडक्टरला जातं. स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची लिहिलेली स्वरलिपी, इंटरनेटवर फुकट मिळतो, तो समोर ठेव.

आता लय. मुद्रणाच्या एकूण वेळेवरून ती ठरवू नकोस. पहिल्या भागात ५०२ बार (स्वरलिपीतले तालाचे सारखे तुकडे) आहेत आणि सुरुवातीचे १२४ बार पुन्हा वाजवायचे असतात. कोणी ते गाळले, तर मिनिटाहून जास्त वेळ कमी होतो आणि संथ कंडक्टरही वेगवान वाटतो. त्यापेक्षा स्टॉपवॉच लाव. सुरुवातीचे दोन लांबलेले स्वर संपून हळू आवाज सुरू होतो, तो सहावा बार. तिथून २१व्या बारमध्ये व्हायोलिनं एकाच लांब स्वरावर थांबतात, तिथपर्यंत पंधरा बार होतात. १८१७ मध्ये बेथोव्हनने स्वतः छापलेल्या मेट्रोनोमच्या (लय दाखवणाऱ्या यंत्राच्या) आकड्याप्रमाणे, म्हणजे मिनिटाला १०८ बार या लयीत, त्यांना सव्वाआठ सेकंदांच्या आसपास लागतात. दहा सेकंद लागले तर लय ९०ची.

पण एकाच जागी मोजून थांबू नकोस, खरी गंमत पुढे आहे. हॉर्नच्या हाकेनंतर व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि फ्लूट ६३व्या बारपासून चार-चार बार नाजूक सूर घेतात. हे बारा बार मोज. आधीच्या जागी नऊ सेकंद आणि इथे आठ भरले, तर कंडक्टर १००वरून ९०वर उतरला आहे. स्कोअरमध्ये इथे लय बदलायची सूचना नाही. फुर्टव्हेंगलर लय अशी ताणतात, सैल सोडतात. गार्डिनर मेट्रोनोम धरून चालतात. माझ्या मते क्लायबर यांचं सामर्थ्य असं की लय फारशी न हलवताही ते ताण सुटू देत नाहीत. त्यांच्या बाबतीत आकड्यांपेक्षा सूर कुठे तोडला आहे, ते ऐक.

सुरुवातीचे दोन लांब स्वरही सारखे नाहीत. दुसरा एका बारने जास्त लिहिला आहे, म्हणून तो अधिक लांबायला हवा. अनेक मुद्रणांत दोन्ही सारखेच ऐकू येतात. कंडक्टरने स्कोअर किती बारकाईने वाचला आहे, हे इथेच कळायला लागतं.

दुसरी खूण ३०३व्या बारमध्ये. ५९व्या बारला हॉर्नने दिलेली हाक इथे बेथोव्हनने 'बसून' या खर्जातल्या फुंकवाद्याला दिली आहे. त्या काळच्या बिनझडपांच्या (व्हॉल्व्ह नसलेल्या) हॉर्नवर ती नव्या पट्टीत नीट निघत नसे. पुढे हॉर्नला झडपा आल्या आणि अनेक कंडक्टरांनी ती परत हॉर्नकडे दिली. मला तिथे 'बसून'च हवा. त्याच्या कोरड्या आवाजाने तीच हाक वेगळी होते. तुला काय रुचतं ते तू ठरव, पण कोण वाजवतंय ते आधी ओळख.

सहाव्या बारपासून सुरुवातीचाच चार स्वरांचा तुकडा दुसऱ्या व्हायोलिनांकडून व्हायोलांकडे आणि मग पहिल्या व्हायोलिनांकडे जातो. कंडक्टर क्लेम्पेरर दोन्ही व्हायोलिनं समोरासमोर, डावी-उजवीकडे बसवत. त्यांचं १९५९चं स्टिरिओ मुद्रण हेडफोनवर ऐकलंस तर हा प्रवास स्पष्ट कळेल. १९५५चं मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) घेतलंस तर नाही.

तिसऱ्या भागातून चौथ्यात जाताना मध्ये थांबायचं नसतं. अतिशय हळू आवाजात टिंपनीचे (मोठ्या नगाऱ्यांचे) ठोके चालू राहतात, मग सगळा वाद्यवृंद उसळतो, आणि तीन ट्रॉम्बोन, पिकोलो व कॉन्ट्राबसून या सिंफनीत पहिल्यांदा येतात. फोनवरच्या अॅपमध्ये दोन ट्रॅकच्या मध्ये क्षणभर शांतता येत असेल, किंवा प्रत्येक ट्रॅकचा आवाज वेगळा समतोल केला जात असेल, तर ही चढण मोडते. 'गॅपलेस' (मध्ये खंड न पाडणं) चालू कर, क्रॉसफेड (एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळणं) बंद कर, आवाजाचा समतोल संपूर्ण अल्बमसाठी ठेव. त्यानंतरच कोणाचा फिनाले, म्हणजे हा शेवटचा भाग, जास्त चढतो, ते मला लिही.