माफी, सूट आणि ढील

‘चांगल्या वर्तनाबद्दल कैद्याला माफी’ ही बातमी वाचून एका वाचकाने विचारलंय : माफी मिळाली तर तो अजून तुरुंगात कसा? आणि या ‘लेनियन्सी’ला, म्हणजे सौम्यपणे वागवण्याला, मराठीत म्हणायचं काय?

तो आत आहे, कारण त्याला माफी मिळालेलीच नाही, सूट मिळालीय. राज्यघटनेने राष्ट्रपतींना अनुच्छेद ७२ मध्ये आणि राज्यपालांना १६१ मध्ये दिलेले क्षमा (म्हणजे खरी माफी), सूट आणि शिक्षा सौम्य करणं हे अधिकार एकमेकांहून वेगळे आहेत. क्षमा झाली की शिक्षेबरोबर दोषाचा ठपकाही जातो. सूट मिळाली की मुदत तेवढी घटते, दोषी तो दोषीच राहतो. शिक्षा सौम्य झाली की तिचा प्रकारच बदलतो, फाशीची जन्मठेप होते. तुरुंगाच्या कागदोपत्रीही सूट मिळाली की सर्रास ‘माफी’ लिहितात. खात्याने लिहिलं म्हणून मी ते मान्य करणार नाही. वाचकाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

सवलत, नरमाई, दयामाया सगळ्यांना ठाऊक आहेत. ‘गय’ तर आता ‘कुणाचीही गय केली जाणार नाही’ एवढ्या नकारापुरतीच उरलीय. खरी गंमत आहे ‘शिथिल’मध्ये. नोकरीच्या जाहिरातीत वयोमर्यादा ‘शिथिलक्षम’ असते, संचारबंदी ‘शिथिल’ होते, म्हणून हा शब्द कागदी वाटतो. पण वेदातला ‘शिथिर’ संस्कृतात ‘शिथिल’ झाला, प्राकृतात ‘सिढिल’, ‘सढिल’, ‘ढिल्ल’ झाला, आणि आपल्याकडे आला तो ढिला, ढील आणि चक्क ‘सढळ’ होऊन! सढळ हाताने तूप वाढणारी आजी म्हणजे मूठ सैल सोडलेली आजी. ‘सढळ’ची ‘स + ढळ’ अशी फोड करणारे प्राकृताकडे बघतच नाहीत. ती फोड मला साफ नामंजूर आहे.

माझ्या मते लेनियन्सी म्हणजे ढील. संक्रांतीला पतंगाला ढील देतात तेव्हा मांजा सरसर सुटतो, पण फिरकी हातातच असते. ‘पोराला फार ढील दिलीस’ या बोलण्यातही तक्रार असते ती ‘फार’बद्दल. कायद्यातही हेच आहे. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली न्यायाधीश दोषी ठरलेल्याला चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडू शकतात. त्याने अटी मोडल्या तर परत बोलावून शिक्षा देऊ शकतात. ‘परिवीक्षा’ कोर्टाच्या पायरीखाली कुणाला कळत नाही. ‘ढील’ म्हणा, आरोपीच्या आईलाही कळेल.