तुम्हाला हसू येतं, मग मला का नाही?

एकाच सोफ्यावर एक जण पोट धरून हसत असतो आणि दुसरा रिमोट शोधत असतो. विनोदी मालिकांवरून घरात होणाऱ्या अशा वादांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत.

प्रश्न : मुलगा जेवताना रोज ‘फ्रेंड्स’ ही अमेरिकी मालिका लावतो आणि ठसका लागेपर्यंत हसतो. मी तीन-चार वेळा शेजारी बसून पाहिलं, पण ढिम्म हसू आलं नाही. वयाबरोबर विनोदबुद्धी आटते का?

आटत नाही. तुम्ही गाडीत मधल्या स्टेशनावर चढलात, एवढंच. ही मालिका १९९४ ते २००४ अशी दहा सीझन चालली. तिसऱ्या सीझनमध्ये रॉस आणि रेचल या प्रेमी जोडीचं बिनसतं आणि ‘तेव्हा आपण ब्रेकवर होतो’ (म्हणजे तात्पुरते वेगळे झालो होतो) हे पालुपद रॉस पुढे वर्षानुवर्षं लावतो. त्या वाक्यात स्वतःचा असा काहीच विनोद नाही. हा बाबा आता पुन्हा तेच म्हणणार, हे तुमच्या मुलाला अर्धा सेकंद आधी कळतं आणि तो हसतो.

आमचे एक मामा पंगतीत वरण वाढायला आलं की ‘मीठ आहे ना रे?’ एवढंच विचारायचे आणि सगळी पंगत हसत सुटायची. कारण एका लग्नात वरणात मीठ घालायचं राहिलं होतं आणि ते काम मामांकडेच होतं. नवे जावई कोऱ्या चेहऱ्याने बघत राहायचे. ‘फ्रेंड्स’च्या घरात तुम्ही सध्या नवे जावई आहात.

आणि सबटायटल वाचत होतात का? प्रश्न आणि त्यावरचा टोला पडद्यावर पुष्कळदा एकदमच उमटतात. तुमचे डोळे टोल्यापर्यंत पोचतात तेव्हा नट अजून पहिल्या शब्दावर असतो. मग तो बोलतो ते शिळंच लागतं. मुलाला म्हणावं, पहिल्या सीझनपासून क्रमाने लाव. आठ-दहा भागांनंतरही काही झालं नाही तर ती मालिका तुमची नाही.

प्रश्न : मालिकेतला तो मागचा हशा खोटा असतो ना? मला त्याचीच चीड येते.

कधी खरा, कधी खोटा, बऱ्याचदा भेसळ. अमेरिकेत १९५०च्या दशकात चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने हशाचं यंत्रच बनवलं होतं. कळ दाबली की खुदखुद, दुसरी दाबली की गडगडाट. ‘फ्रेंड्स’सारख्या मालिका मात्र प्रेक्षक समोर बसवून चित्रित झाल्या आणि संकलनात त्यांचा हशा कमी-जास्त केला गेला.

या वादातलं माझं आवडतं उदाहरण ‘मॅश’चं आहे. कोरियन युद्धातल्या लष्करी रुग्णालयावरची ही मालिका १९७२ साली सुरू झाली. निर्मात्यांना हशा नको होता, सीबीएस वाहिनीला हवाच होता. शेवटी तडजोड झाली : शस्त्रक्रियेच्या दृश्यांत हशा नाही, बाकी ठिकाणी चालेल. ब्रिटनमध्ये बीबीसीने तीच मालिका हशाशिवाय दाखवली. दोन देशांतल्या प्रेक्षकांनी एकाच मालिकेवर वाद घातला असता, तर दोघेही आपापल्या जागी बरोबर ठरले असते.

इंटरनेटवर हशा काढून टाकलेल्या चित्रफिती फिरतात. ‘बघा, यात विनोदच नाही,’ असं सांगायला. हा अन्याय आहे. नट तिथे हशासाठी थांबलेला असतो. आपल्या रंगभूमीवर त्याला ‘लाफ्टर घेणं’ म्हणतात. हाउसफुल्ल प्रयोगात छप्पर उडवणारं वाक्य तुरळक प्रेक्षकांच्या प्रयोगात धपकन पडतं, हे नाटकवाल्यांना विचारा. रॉबर्ट प्रोवाइन या अमेरिकी संशोधकाला तर माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो, असं आढळलं होतं. तेव्हा एकट्याने मोबाइलवर पाहून ‘फालतू आहे’ असा निकाल देऊ नका.

प्रश्न : ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ पाहताना नवरा लोळतो. मला मोनिषाला बोललेलं प्रत्येक वाक्य टोचतं. तो म्हणतो, तुला विनोद कळत नाही.

कळतोय. त्याच्यापेक्षा जरा जास्तच कळतोय.

पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या दोन संशोधकांनी २०१० मध्ये मांडलं की, एखादा नियम मोडला जातो आणि तरी काही बिघडत नाही असं एकाच वेळी वाटलं की हसू येतं. श्रीमंत सासू माया मोनिषा या सुनेच्या काटकसरीला गोड आवाजात ‘मिडल क्लास’ म्हणते, तेव्हा तुमच्या यजमानांचं काहीच बिघडत नाही. तुम्हाला मात्र तसाच गोड आवाज सकाळी ओट्याजवळ ऐकू आलेला असू शकतो. (आला नसेल तर सासूबाईंची क्षमा मागतो.) माझ्या मते ही मालिका उत्तम लिहिलेली आहे, आणि तरी तुमचं न हसणं मला पूर्ण पटतं. २००४ साली ती आली तेव्हा तिला बेताचेच प्रेक्षक मिळाले होते, २००६ मध्ये ती संपली आणि डोक्यावर घेतली गेली ती नंतर. नवऱ्याला एकदा एवढंच विचारा, जावयाला असं बोलणारा सासरा दाखवला असता तर तू किती हसला असतास?

प्रश्न : मला धपाधप पडणारे, तोंडं वेडीवाकडी करणारे विनोद आवडतात. बहीण त्याला ‘पाणचट’ म्हणते.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आणि त्यांची प्रतवारीही लावली. दात न दिसणारं स्मित उत्तम लोकांचं, डोळ्यांत पाणी आणणारं अतिहसित अधम लोकांचं. म्हणजे तुमच्या बहिणीचा पक्ष जुना आहे. खुशाल अधम व्हा.

प्रश्न : दूरदर्शनवरचा ‘चिमणराव’ आम्ही शेजारच्यांच्या घरी दाटीवाटीने बसून पाहिला. नातवाला त्यातला एक भाग दाखवला, तो पाच मिनिटांत उठला.

तुमच्या आठवणीत ती शेजारची खोली, ती गर्दीही आहे. त्याच्यासमोर फक्त कृष्णधवल चित्र होतं, तेही त्याच्या मानाने फार सावकाश हलणारं. शिवाय चि. वि. जोशींच्या चिमणरावाची फजिती ज्या मध्यमवर्गी रीतीभातींमुळे होते, त्या रीतीच त्याला कुणी लावलेल्या नाहीत. त्याला आधी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका दाखवा. आजोबा आणि नातवंडं एका घरात, वाद ओळखीचे, वेगही सोसेल असा. तो रमला की मग चिमणरावांकडे वळा. टिपरे आजोबा आणि चिमणराव हे दोघेही दिलीप प्रभावळकरच आहेत, हे मात्र आधी सांगू नका. त्याचं त्याला ओळखू दे.