शेतकामाची हत्यारे हाताला सोपी करून विकण्याचा व्यवसाय कोल्हापुरात चालेल का?

आपण लिहिले आहे की आपण सव्वीस वर्षांचे यंत्र अभियंता आहात, मनगट न वाकवता धरता येईल असे उचललेल्या मुठीचे खुरपे आपण तयार केले आहे, आणि त्याच धर्तीवर ऊसतोडीचा कोयता व छाटणीची कात्री धरून तीन हत्यारे एकदम बाजारात आणण्याचा आपला विचार आहे. हा व्यवसाय कोल्हापुरात चालेल का, आणि पेटंट आधी की विक्री आधी, असे आपले दोन प्रश्न आहेत. माझा उद्यमनगरात सुटे भाग करण्याचा छोटा कारखाना आहे आणि घरची शेती करवीर तालुक्यात आहे, त्या अनुभवावरून लिहितो. व्यवसाय चालू शकेल असे माझे मत आहे. मात्र या तीन हत्यारांना एकच हिशेब लावता येणार नाही, कारण हत्यार कोणाच्या पैशाने येते आणि ते चालवणाऱ्याला मजुरी कशावर मिळते, यावर त्याची रचना अवलंबून असते. मुठीचा कोन त्यानंतर येतो.

खुरप्यापासून सुरुवात करा. भांगलणीला, म्हणजे खुरप्याने तण काढायला, येणाऱ्या बायका बहुधा आपापले खुरपे घेऊन येतात, म्हणजे विकत घेणारी आणि दिवसभर चालवणारी व्यक्ती एकच असते, आणि मजुरीही रोजावर असते. संध्याकाळी मनगट कमी दुखले तर त्याचा फायदा थेट तिलाच मिळतो, त्यामुळे चार पैसे जास्त मोजायला ती तयार होण्याची शक्यता इथेच सर्वांत अधिक आहे. तरीही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. बायका ओळीने आपापली पात, म्हणजे वाट्याला आलेला पट्टा, धरून पुढे सरकतात, आणि जी मागे पडते तिला बोलणी बसतात. म्हणून आपले खुरपे हाताला कितीही सुखाचे असले तरी जुन्या खुरप्यापेक्षा काम जरासुद्धा हळू होत असेल, तर दुसऱ्या दिवशी ते घरी राहील.

रचनेबद्दल सांगायचे तर कोणत्याही शिवारात भांगलण चालू असेल तिथे जेवणाच्या सुट्टीत बांधावर ठेवलेली खुरपी नीट पाहा. बऱ्याच मुठींवर सायकलच्या ट्यूबची पट्टी किंवा जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली आढळते. काही मुठी मागच्या टोकाला जास्त जाड केलेल्या असतात, कारण पाते ओढताना तळहाताच्या खालच्या बाजूला ते टोक रुतते. लोहाराने दिलेली मूठ बारीक, आखूड आणि कठीण आहे, असे या बायकांनी न बोलता सांगितलेले असते, आणि मोजपट्टीने त्या चिंधीसकट जाडी मोजली की आपल्याला कामाचा आकडाही मिळतो. अमेरिकेच्या व्यवसाय सुरक्षा व आरोग्य विषयक राष्ट्रीय संस्थेने 2004 साली हात-हत्यारांच्या निवडीबद्दल जी मार्गदर्शिका काढली, तीत जोर लावण्याच्या कामासाठी मुठीचा व्यास साधारण 32 ते 51 मिलिमीटर आणि लांबी निदान 100 मिलिमीटर असावी असे सांगितले आहे. ही मापे तिकडच्या हातांसाठी आहेत. आपल्याकडील स्त्रियांचे पंजे लहान असल्याने खालच्या टोकाच्या आसपास, किंबहुना थोडे त्याच्याही खाली, नमुने करून पाहावे लागतील. भारतीय शेतमजुरांच्या, स्त्री-पुरुष दोघांच्याही, शरीराची मापे भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेच्या पुढाकाराने अनेक राज्यांतून गोळा झालेली आहेत. ती मिळवून अभ्यासल्याशिवाय साचा पाडू नका.

आपण मूठ पात्याच्या वर उचलली आहे, हे तत्त्व बरोबरच आहे. मनगट वाकलेले असताना पकडीची ताकद घटते आणि बोटे वळवणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, मनगटातल्या अरुंद वाटेत घासत राहतात, म्हणून वाकवायचेच असेल तर हत्यार वाकवावे, मनगट वाकवू नये. बोटांची पेरेही जमिनीला घासत नाहीत. पण मूठ जितकी वर जाते तितका पिळाचा जोर वाढतो: पात्याचे एक टोक दगडाला किंवा मुळाला अडले की संपूर्ण खुरपे मुठीत फिरू पाहते, आणि ते थोपवण्यासाठी बोटे अधिक आवळावी लागतात. म्हणजे मनगटाचा वाचवलेला त्रास बोटांवर येतो. यावर उपाय म्हणून मुठीचा छेद गोल न ठेवता लंबगोल ठेवावा आणि उचल बेताचीच द्यावी. पाठवलेल्या छायाचित्रात आपण मुठीवर बोटांसाठी खाचा दाखवल्या आहेत, त्या मात्र काढून टाका; त्या फक्त एकाच मापाच्या हाताला बसतात आणि बाकी सर्वांना टोचतात. काळ्या मऊ रबराचाही मोह टाळलेला बरा, कारण उन्हात ते तापते आणि चिखलात बुळबुळीत होते.

आपण विचाराल की उभ्यानेच भांगलता येईल असा लांब दांडा का देऊ नये. दोन ओळींच्या मधल्या तणासाठी तो चालतो, आणि सायकल कोळपे, म्हणजे उभ्याने ढकलायचे चाकाचे अवजार, त्यासाठीच आलेले आहे. परंतु रोपाच्या बुडाशी असलेले तण डोळ्यांनी वेचून, रोप सांभाळून काढावे लागते आणि तिथे बसल्यावाचून गत्यंतर नसते. तरीही आखूड दांडा अपरिहार्य आहे असे प्रत्येक ठिकाणी गृहीत धरू नये. कॅलिफोर्नियात शेतमजुरांना आखूड दांड्याचे कुदळे दिवसभर कमरेत वाकून चालवावे लागे, पाठी कायमच्या जायबंदी होत, आणि पिकाला तेच लागते असे मळेवाले सांगत. 1975 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मजुरांच्या बाजूने लागला, त्या हत्यारावर बंदी आली आणि शेती लांब दांड्याने पुढे चालूच राहिली.

कोयत्याचे गणित निराळे आहे. ऊसतोड मजुराला टनावर पैसे मिळतात, आणि एकाच कोयत्याने तो बुडखा तोडतो, पाचट सोलतो आणि शेंड्याचे वाढे छाटतो. वजन कमी केले की हत्यार सोपे झाले असे इथे होत नाही, कारण घावाला लागणारा जोर पात्याच्या वजनातून येतो आणि हलका कोयता दोन घाव मागतो. दांडा लांब करून कंबर वाचवावी म्हटले तर ऊस जमिनीलगत तुटत नाही. बुडाकडच्या कांड्यांत साखर अधिक असते, शिवाय उंच राहिलेले बुडखे खोडव्याच्या, म्हणजे त्याच बुडख्यांतून येणाऱ्या पुढच्या पिकाच्या, फुटव्याला अडचणीचे ठरतात आणि शेतकऱ्याला ते पुन्हा छाटून घ्यावे लागतात. त्यामुळे लांब दांड्याचा कोयता कारखान्याच्या शेतकी विभागालाही नको असतो आणि मालकालाही. मुठीतून हाताला बसणारा हादरा कमी करणे आणि घामाने मूठ निसटू न देणे, एवढीच सुधारणा मला तिथे सध्या शक्य दिसते.

छाटणीच्या कात्रीला गिऱ्हाईक आहे, पण ते कोल्हापूरपेक्षा तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षपट्ट्यात. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास होणारी फळछाटणी या दोन वेळी हजारो काड्या हातानेच कापल्या जातात. स्वित्झर्लंडच्या फेल्कोने अंगठ्याविरुद्धची मूठ स्वतःभोवती फिरेल अशी कात्री केव्हाच बाजारात आणली आहे, आणि त्यांच्या कात्रीचा पाते-स्प्रिंगसह प्रत्येक भाग सुटा मिळतो. त्यांच्याशी स्पर्धा करण्याआधी तो सुट्या भागांचा धडा मात्र खुरप्यासाठी घेण्यासारखा आहे: पाते झिजले की फक्त पाते बदलता आले पाहिजे. पावसाळ्यात लाकडी मूठ फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि शेंबी (मुठीच्या तोंडावरची लोखंडी कडी) ढिली होऊन पाते खुळखुळते, हे दुखणे आपण दूर केलेत तरी निम्मे गिऱ्हाईक मिळेल.

उत्पादनाबाबत एक गैरसमज कोल्हापुरात सहज होतो, तो असा की शिरोली आणि गोकुळ शिरगावला इतक्या फाउंड्री आहेत तर पाते ओतूनच घ्यावे. ओतीव बीड ठिसूळ असते, दगडावर आपटले की तुकडा उडतो. पात्याला घडीव पोलादच हवे. आपले लोहार ट्रकच्या जुन्या पाट्यांपासून खुरपी घडवतात ती याच कारणाने. ते पोलाद उत्तम असते, फक्त पाणी देण्याचे, म्हणजे तापलेले पाते बुडवून कडक करण्याचे, प्रमाण लोहाराच्या नजरेवर असल्याने एक पाते कडक आणि दुसरे मऊ निघते. औद्योगिक वसाहतीतल्या उष्णताप्रक्रियेच्या कारखान्यात ठरावीक तापमानावर काम करून घेतले तर हा फरक जाईल. पण पाते इतके कडक करू नका की त्यावर कानस चालणार नाही, कारण धार बांधावर बसूनच लावली जाते.

चाचणीसाठी एकच शेत पुरेसे नाही. राधानगरी-शाहूवाडीकडची तांबडी माती आणि शिरोळची चिकट काळी माती यांत तेच खुरपे वेगळे वागते. सकाळी, जेवणाच्या वेळी आणि काम सुटताना प्रत्येकीला मानवी आकृतीचे चित्र दाखवून कुठे किती दुखते ते विचारावे. कॉर्लेट आणि बिशप यांनी 1976 साली मांडलेली ही पद्धत आहे आणि तिला कसलेही उपकरण लागत नाही. सोबत किती पात झाली तेही टिपावे. शेजारी बायकांचे नेहमीचे खुरपे तुलनेला ठेवल्याशिवाय या नोंदींना अर्थ राहणार नाही.

पेटंटच्या प्रश्नाचे उत्तर क्रमाशी निगडित आहे. विक्री किंवा जाहीर प्रदर्शन आधी केले तर नावीन्याचा दावा अडचणीत येतो, म्हणून आधी तात्पुरता अर्ज करून तारीख मिळवावी. त्यानंतर संपूर्ण तपशील देण्यास 12 महिने मिळतात, आणि मंजूर पेटंट अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे टिकते. शेतातल्या चाचण्या त्याच 12 महिन्यांत बसवा. माहीत असलेल्या दोन वस्तू नुसत्या एकत्र जोडल्या तर कायदा त्याला शोध मानत नाही, त्यामुळे आपल्या खुरप्याला पेटंट मिळेलच असे मी म्हणणार नाही. आकाराची डिझाइन नोंदणी तुलनेने सोपी आहे. ती 10 वर्षे चालते व आणखी 5 वर्षे वाढवता येते.

किमतीचा हिशेब करताना एक बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हाताने चालवायच्या शेती-अवजारांवर वस्तू व सेवा कर नाही, हे ऐकायला चांगले वाटते. पण माल करमुक्त असल्यामुळे पोलाद, मुठीचा कच्चा माल आणि जॉब-वर्क यांवर आपण भरलेल्या कराची वजावट मिळत नाही आणि तो खर्च किमतीतच धरावा लागतो. भांडवलासाठी जिल्हा उद्योग केंद्रामार्फत मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा अर्ज करता येतो, परंतु कर्ज काढून मोठा साचा करण्याआधी पहिली खुरपी एखाद्या चांगल्या लोहाराकडूनच करून घ्या आणि भांगलणीच्या हंगामाआधी आठवडी बाजारात त्याच्याच पथारीवर ठेवा. लोहाराच्या खुरप्याच्या दुपटीपेक्षा किंमत वर गेली तर बाई ते हातात घेऊन पाहील आणि खाली ठेवील, असा माझा अंदाज आहे. कोयत्याला मात्र एक गळीत हंगाम तोडकऱ्यांबरोबर फडात काढल्याशिवाय हात लावू नका.