बल्गेरिया समजून घ्यायला कोणता माहितीपट आधी पाहावा?

बल्गेरियाबद्दल काहीच वाचलेलं नाही, तरी तिथला इतिहास आणि तिथली माणसं कळतील असा माहितीपट कोणता, असं तुम्ही विचारलंय. आधी आदेला पेएवा यांचा ‘हे गाणं कुणाचं?’ (२००३) पाहा.

इस्तंबूलमध्ये मित्रमंडळी जेवायला बसली आहेत: एक ग्रीक, एक मॅसेडोनियन, एक तुर्की, एक सर्ब आणि बल्गेरियाच्या पेएवा. एक गाणं सुरू होतं आणि प्रत्येक जण म्हणतो, हे तर आमचं! मग पेएवा कॅमेरा घेऊन त्या गाण्यामागे देशोदेशी फिरतात. तुर्कस्तानात ते इस्तंबूलमधल्या उस्कुदारला निघालेल्या कारकुनावरचं प्रेमगीत. बोस्नियात त्याच चालीवर धर्मगीतही. आणि बल्गेरियात, जिथे १९०३ साली उठाव झाला त्या स्त्रांजाच्या डोंगरांत, तुर्कांविरुद्ध लढणाऱ्यांचं गाणं. सर्बियात पेएवा बोस्नियाचं धर्मगीत ऐकवतात, तर मंडळी भडकतात. स्वतःच्या देशात ‘चाल तुर्की असेल’ म्हणून पाहतात, तर थेट फाशीची भाषा! बल्गेरिया जवळपास पाचशे वर्षं ऑटोमन तुर्कांच्या सत्तेखाली होता हे मी वाचलं होतं. ती जखम अजून किती ओली आहे, हे मला त्या चेहऱ्यांवर दिसलं.

आजचा बल्गेरिया पाहायचा असेल तर इलियन मेतेव यांचा ‘सोफियाची शेवटची अ‍ॅम्ब्युलन्स’ (२०१२). राजधानी सोफियातले डॉक्टर, नर्स, ड्रायव्हर, बस्स. कॅमेरे गाडीच्या डॅशबोर्डवर. रुग्णाचा चेहरा कधीच दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. दिसतात ती या तिघांची दमलेली तोंडं. खड्डे, सिगारेट, लागत नसलेला वायरलेस, तुटपुंजा पगार, नोकरी सोडावी का याची चर्चा. माझ्या वडिलांना एका रात्री अ‍ॅम्ब्युलन्सनं नेलं, तेव्हा पुढे बसलेल्या माणसांकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं. हा माहितीपट पाहताना ते आठवलं आणि फार लागलं.

स्तेफान कोमांदारेव यांचा ‘बादांते बायांचं गाव’ (२००९) छोटा आहे, पण चुकवू नका. बादांते म्हणजे इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करणारी बाई. वर्शेत्स गावातल्या बायका या कामाला इटलीत जातात, घर आणि मुलं नवऱ्यांवर पडतात.

कम्युनिस्ट काळाबद्दल हवं असेल तर आंद्रेई पाउनोव यांचा ‘डासांचा प्रश्न आणि इतर गोष्टी’ (२००७). डॅन्यूबकाठचं बेलेने गाव, तिथला अर्धवट राहिलेला अणुऊर्जा प्रकल्प आणि डासच डास. पहिल्यांदा पाहताना मी गावकऱ्यांच्या गप्पांवर हसत होतो. समोरच्याच बेटावर राजकीय कैद्यांची छावणी होती, हे हळूहळू पुढे येतं. मग मी तो सुरुवातीपासून पुन्हा लावला.