खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर हात पूर्वीसारखा होतो का? गावातल्या एकाचे कोपर मात्र आखडलेच

तुमचे वडील 58 वर्षांचे आहेत, रावेर तालुक्यात केळीच्या बागेत घसरून ते उजव्या खांद्यावर पडले, एमआरआयमध्ये रोटेटर कफची एक कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा चिवट पट्टा) पूर्ण फाटलेली दिसली आणि सर्जनांनी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सुचवली, असे तुम्ही लिहिले आहे. गावातील एका गृहस्थाचे कोपर शस्त्रक्रियेनंतरही सरळ झाले नाही, म्हणून घरची मंडळी नको म्हणत आहेत आणि त्यात दोन महिने गेले आहेत. मी जळगावात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो, त्यामुळे शस्त्रक्रिया झालेले खांदे आणि कोपरे टाके निघाल्यानंतर माझ्याकडेच येतात. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो ती ही की, त्या गृहस्थांच्या कोपराचा निकाल तुमच्या वडिलांच्या खांद्याला लावू नका.

हे दोन सांधे स्वभावाने अगदी उलटे आहेत. खांद्याची खोबण उथळ असते आणि हाडाचा गोळा तिच्यात चार स्नायूंच्या कंडरांनी धरून ठेवलेला असतो. याच चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. म्हणून खांदा सर्व बाजूंना फिरतो, पण निखळतोही सर्वांत जास्त. कोपरात तीन हाडे एकाच आवरणात घट्ट बसलेली असतात. ते सहसा निखळत नाही, पण दुखापत झाली की फार लवकर आखडते. म्हणूनच कंडरा शिवलेल्या खांद्याला सुरुवातीचे आठवडे विश्रांती द्यावी लागते आणि कोपर मात्र, मोडलेल्या हाडांची जोडणी भक्कम असेल तर, काही दिवसांतच हलवायला घ्यावे लागते.

आता वडिलांविषयी. कंडरा वयानुसार हळूहळू झिजून फाटली असेल, विशेषतः साठीनंतर, तर आधी तीनेक महिने नीट व्यायाम करून पाहणे योग्य असते आणि अशा बऱ्याच रुग्णांना शस्त्रक्रिया लागतच नाही. परंतु पडेपर्यंत ज्यांचा हात उत्तम चालत होता आणि पडल्याच्या दिवसापासून जो वर जाईनासा झाला, त्यांचे गणित वेगळे आहे. फाटलेली कंडरा हाडापासून मागे सरकत जाते, तिचा स्नायू सुकतो आणि त्यात चरबी भरते. ही चरबी नंतर कितीही चांगली शस्त्रक्रिया केली तरी सहसा परत जात नाही. अशा अपघाती चिरांमध्ये साधारण तीन महिन्यांच्या आत शिवण झाल्यास फळ अधिक चांगले मिळते. तुमच्या वर्णनावरून वडील याच गटातले वाटतात, आणि तसे असल्यास माझे मत शस्त्रक्रियेच्या बाजूचे आहे.

फळ म्हणजे नेमके काय, हेही आधीच समजून घ्यावे. बहुतेकांची वेदना चांगली कमी होते, रात्री झोप लागू लागते. ताकद त्यामानाने उशिरा आणि काहींना थोडी कमीच येते. शिवलेली कंडरा पुन्हा उसवण्याचा धोकाही असतो: लहान चिरांमध्ये तो थोडा असतो, मोठ्या व जुन्या चिरांमध्ये मात्र अभ्यासांतून हे प्रमाण 40 टक्के किंवा त्याहूनही पुढे गेलेले दिसते. उसवण्याच्या बहुतेक घटना पहिल्या सहा महिन्यांत घडतात, आणि तशा रुग्णांपैकीही अनेकांची वेदना पूर्वीपेक्षा कमीच राहते. मधुमेह आटोक्यात नसणे आणि बिडी-तंबाखू या दोन गोष्टी कंडरा जुळण्याच्या आड येतात. वडिलांना यांपैकी काही असेल तर त्याची तयारी आजपासून करा.

खरी कसोटी शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांची आहे, आणि मला सर्वाधिक काळजी तिचीच वाटते. पहिले चार ते सहा आठवडे हात स्लिंगमध्ये (गळ्यात अडकवलेल्या झोळीत) राहतो. या काळात बोटे, मनगट आणि कोपर हलवत राहायचे, पण शिवलेला हात स्वतःच्या जोरावर वर करायचा नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात स्लिंगखाली काखेत घाम साचून कातडी सोलवटते. कमरेतून पुढे वाकून हात सैल लोंबू द्यावा, काख पुसून कोरडी करावी आणि पुन्हा स्लिंग चढवावी. झोपताना पाठीखाली उशा घेऊन अर्धवट बसल्यासारखे पडले की खांदा कमी ठणकतो. सुमारे सहा आठवड्यांनंतर वडील स्वतः हात उचलू लागतील, आणि तेव्हा तुम्ही समोर उभे राहून पाहा: हात वर जाताना खांदा कानाकडे उचकला जात असेल, तर रोटेटर कफ काम करत नसून मानेचे स्नायू ओढत आहेत. तेथे जबरदस्ती न करता हात जेवढा सरळ जातो तेवढाच न्यायचा. ताकदीचे व्यायाम साधारण बाराव्या आठवड्यापासून सुरू होतात. केळीचा घड खांद्यावर घेण्याचा विचार सहा महिन्यांच्या आत करूच नये, आणि सुधारणा वर्षभर चालू राहते. दुखणे मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबते, आणि ‘आता बरे वाटते’ म्हणून तिसऱ्या महिन्यात खताची गोणी उचलली जाते, ही मला सर्वांत घातक वेळ वाटते.

रावेरहून भुसावळमार्गे वरचेवर जळगावला येणे शेतकरी कुटुंबाला जमत नाही, हे मी जाणतो. त्यामुळे मी घरातील एका व्यक्तीला, बहुधा सुनेला किंवा मुलाला, सोबत बोलावतो, तिच्याच हातांनी व्यायाम करवून घेतो आणि पुढची भेट दोन-तीन आठवड्यांनी ठेवतो. हे चांगले चालते, मात्र ती व्यक्ती दररोज तीच असावी.

गावातील त्या गृहस्थांविषयीही थोडे लिहितो. हाड सांध्यापर्यंत मोडले असेल तर कोपर शस्त्रक्रियेनंतरही काही अंश आखडलेले राहणे सर्रास घडते आणि त्यावरून शस्त्रक्रिया फसली असे म्हणता येत नाही. पूर्ण सरळ होण्यास 30 अंश कमी पडले आणि 130 अंशांपर्यंत वाकले, तरी जेवण, अंघोळ आणि बहुतेक नित्याची कामे होतात. त्यांचे कोपर तोंडापर्यंतही पोहोचत नसेल, तर ते मोकळे करण्याची शस्त्रक्रिया असते, त्यांनी पुन्हा दाखवावे. करंगळीला मुंग्या येत असतील तर उशीर करू नये. आणि कोपराला मालिश करून किंवा कोणाकडून ओढून घेऊन सरळ करण्याचा प्रयत्न कृपया थांबवा. त्याने स्नायूत हाड धरू शकते आणि उरलेली हालचालही जाऊ शकते.

सर्जनांकडे जाताना एमआरआयचा केवळ रिपोर्ट नव्हे, तर फिल्मही न्या. कंडरा किती मागे सरकली आहे, स्नायूत चरबी किती आहे आणि कंडरा ताण न देता हाडापर्यंत येईल का, हे स्पष्ट विचारा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात बसते का, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनीसाकडे) आधीच करा. ही भेट याच आठवड्यात घ्या.